पहिल्या झटक्याचा हिशेब

गळिताच्या हंगामात सांगली-कोल्हापूर भागातील रस्त्यांवर उसाने भरलेली बैलगाडी ज्याने पाहिली आहे, त्याला आरंभाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गाडी एकदा चालीला लागली की बैल ती संथपणे ओढत नेतात. परंतु थांबलेली गाडी जागची हलवताना त्यांना सारे बळ एकवटावे लागते आणि गाडीवानही खाली उतरून चाकाला हात देतो. चालण्यासाठी लागणारे बळ निराळे आणि निघण्यासाठी लागणारे बळ निराळे. विजेच्या मोटारीलाही हाच नियम लागू पडतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा नियम एका हिवाळ्यात नव्याने शिकावा लागला.

टेक्सास हा उष्ण प्रदेश म्हणून ओळखला जातो. तेथील निम्म्याहून अधिक घरे हिवाळ्यात विजेवर तापवली जातात आणि त्यांपैकी अनेक घरांत हीट पंप असतो. हीट पंप म्हणजे उलट दिशेनेही चालू शकणारे वातानुकूलन यंत्र होय. उन्हाळ्यात ते घरातील उष्णता बाहेर टाकते आणि हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतील उष्णता गोळा करून घरात आणते. उष्णता निर्माण करण्याऐवजी ती केवळ वाहून आणायची असल्यामुळे, सौम्य थंडीत एक युनिट विजेच्या मोबदल्यात दोन ते तीन युनिट उष्णता मिळते. व्यवहार फायद्याचा आहे. अट एकच, वीज असली पाहिजे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अट मोडली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे राज्याची वीजव्यवस्था कोसळण्याच्या बेतात आली आणि मोठ्या प्रमाणावर वीज तोडावी लागली. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. अनेक ठिकाणी ही स्थिती काही दिवस टिकली. १६ तारखेला डॅलसचे तापमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. राज्याच्या आरोग्य विभागाने नंतर या आपत्तीतील मृत्यूंची संख्या २४६ अशी नोंदवली. त्यांतील बहुसंख्य लोक थंडीने गारठून गेले, तर काही जण ऊब मिळवण्याच्या धडपडीत विषारी वायूने दगावले.

या कुटुंबातील आई तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या आणि त्यांना दम्याचा जुना विकार होता. मुलाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आलेले आईवडील त्या आठवड्यात एकाच खोलीत, सगळ्या रजया एकावर एक घेऊन बसून राहिले. घरातील तापमान ६ अंशांवर आले. दुसऱ्या रात्री आईंचा दमा उसळला आणि बर्फाने झाकलेल्या रस्त्यावरून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या बऱ्या होऊन घरी परतल्या. परंतु मुलाने त्याच दिवशी ठरवले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही.

त्याने ७,५०० वॅट क्षमतेचा जनरेटर आणला. हिशेब सरळ होता. घराबाहेरचा कॉम्प्रेसर चालताना सुमारे २,८०० वॅट घेतो, घरात हवा फिरवणारा पंखा सुमारे ५००. म्हणजे एकूण ३,३०० वॅट. ७,५०० मध्ये ३,३०० सहज बसतात. प्रत्यक्षात मात्र पहिल्याच चाचणीत कॉम्प्रेसर सुरू होण्याची वेळ आली, तसा जनरेटर घरघरला, दिवे मंद झाले आणि सारे बंद पडले. दुसऱ्यांदा तसेच, तिसऱ्यांदाही तसेच.

वडील सांगलीच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. विजेचे शास्त्र त्यांनी शिकलेले नव्हते. परंतु गावाकडच्या विहिरीवरील १० अश्वशक्तीची मोटार त्यांनी आयुष्यभर चालवली होती.

"अरे, आपल्या विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर आहे," ते म्हणाले. "बटण दाबलं की आधी एका जोडणीवर हळू उठते, मग खट्कन दुसऱ्या जोडणीवर जाते. या तुझ्या यंत्राला तसं काही आहे का?"

"नाही बाबा. याला सरळ पूर्ण दाबाची वीज मिळते."

"मग जनरेटर बिचारा काय करील?"

वडिलांचा प्रश्न मुद्द्याला धरून होता. शेतकऱ्यांच्या परिचयाचा स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीचा प्रवाह थेट सुरुवातीच्या तुलनेत एक-तृतीयांशावर आणतो. पण तो तीन फेजच्या मोटारींसाठी असतो. अमेरिकेतील घरगुती हीट पंप सिंगल फेज विजेवर चालतो. थांबलेल्या मोटारीत विजेला विरोध करणारा प्रतिदाब तयार झालेला नसतो; तो मोटार फिरू लागल्यावरच उत्पन्न होतो. म्हणून पहिल्या क्षणी मोटार नेहमीच्या चार ते सहा पट, कधी त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात: चालतानाचा 'आरएलए' आणि फिरता भाग जागीच अडलेला असतानाचा 'एलआरए'. या घरातील पट्टीवर दुसरा आकडा ७७ अँपिअर होता. २४० व्होल्टने गुणल्यास तो सुमारे १८,५०० होतो. जनरेटर मात्र सतत ३१ अँपिअर आणि क्षणभर सुमारे ३९ अँपिअरच देऊ शकत होता. मुलाने चालू खर्च मोजला होता. पहिल्या झटक्याचा खर्च त्याच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

बाजारात यावर दोन वस्तू मिळतात आणि नावे जवळपास सारखी असल्यामुळे ग्राहक फसतो. पहिली हार्ड स्टार्ट किट. किंमत साधारणपणे २० ते ६० डॉलर. तिच्यात एक जादा कपॅसिटर आणि तो योग्य क्षणी बाजूला करणारा रिले असतो. सुरुवातीच्या क्षणी मोटारीला मिळणारी पिळाची ताकद ती वाढवते. त्यामुळे अडखळणारा कॉम्प्रेसर लवकर उठतो आणि झटक्याचा कालावधी कमी होतो. परंतु झटक्याची उंची फारशी उतरत नाही. दुसरी वस्तू सॉफ्ट स्टार्टर. किंमत २०० ते ४०० डॉलरच्या घरात. त्यातील इलेक्ट्रॉनिक जोडणी मोटारीला वीज एकदम न देता, विजेच्या प्रत्येक लहरीचा आधी थोडा आणि मग वाढता भाग देते. झटका साधारणपणे निम्म्याने ते दोन-तृतीयांशाने कमी होतो. एका वस्तूने बैलाला जोर येतो, दुसरीने धक्का कमी होतो. जुना कॉम्प्रेसर उठताना कण्हत असेल तर पहिली. जनरेटर, बॅटरी किंवा सौर इन्व्हर्टर यांची मर्यादा आड येत असेल तर दुसरी.

मुलाचे बोट स्वस्त वस्तूवर होते. वडिलांनी त्याला थांबवले. थकलेल्या खात्याला नवे कर्ज देण्यापूर्वी खाते का थकले ते पाहावे, असा त्यांचा सांगावा होता. त्यामुळे आधी परवानाधारक तंत्रज्ञाला बोलावून यंत्राची तपासणी करण्यात आली आणि ती उपयोगी ठरली. कॉम्प्रेसरच्या नेहमीच्या कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरड असे छापलेले होते. मीटरवर ३६ भरले. छापील आकड्यापासून ५-६ टक्क्यांची तफावत क्षम्य असते. ही २० टक्के होती. कॉन्टॅक्टरची टोकेही जळून खडबडीत झाली होती. दुर्बल कपॅसिटर, जळलेली टोके, सैल जोडणी आणि गरजेपेक्षा बारीक तार ही कॉम्प्रेसर अडखळण्याची नित्याची कारणे आहेत. ती तशीच ठेवून वरून उपकरण बसवले तर दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. दोन्ही भाग बदलल्यावर कॉम्प्रेसर घरच्या विजेवर स्वच्छ उठू लागला. जनरेटर मात्र अजूनही दबत होता. आता सॉफ्ट स्टार्टर घेण्यास सबळ कारण होते.

आणखी एक खात्री तंत्रज्ञाने करून घेतली. वेग कमीजास्त करणारा, म्हणजे इन्व्हर्टर पद्धतीचा कॉम्प्रेसर असेल तर तो मुळातच हळू उठतो. त्याला सॉफ्ट स्टार्टर लागत नाही आणि लावल्यास हानी होऊ शकते. या घरातील यंत्र जुन्या, एकाच वेगाच्या पद्धतीचे होते. कारखान्याची हमी शिल्लक असल्यास असे उपकरण बसवल्याने ती बाधित होते का, हे लेखी विचारून घ्यावे. या यंत्राची हमी संपलेली होती.

मुलगा संगणक अभियंता. चार तारा जोडण्यास माणूस कशाला, असे त्याला वाटत होते. तंत्रज्ञाचे काम पाहिल्यावर तो विचार त्याने सोडला. तंत्रज्ञाने प्रथम घरातील ब्रेकर आणि यंत्राजवळचा खटका असे दोन्ही बंद केले आणि मीटर लावून वीज खरोखरच गेली आहे याची खात्री केली. त्यानंतर त्याने कपॅसिटरमध्ये साठून राहिलेला भार रोधकातून उतरवला. वीज बंद केल्यानंतरही हा भार राहतो आणि जोराचा धक्का देऊ शकतो. मग मूळ जोडणीचे छायाचित्र घेऊन प्रत्येक तारेवर खूण केली. कॉम्प्रेसरची मुख्य वेटोळ्याकडे जाणारी तार कॉन्टॅक्टरवरून काढून उपकरणातून फिरवली आणि आरंभाच्या वेटोळ्याची खूणतार कपॅसिटरच्या ठरलेल्या टोकाला जोडली. बाहेरच्या पंख्याची तार मात्र कटाक्षाने उपकरणाबाहेर ठेवली, कारण उपकरणाने फक्त कॉम्प्रेसरचा प्रवाह मोजायचा असतो. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल उबदार ठेवणारा जो छोटा हीटर असतो, त्याची जोडणीही अबाधित ठेवली. तारा थरथरणाऱ्या तांब्याच्या नळ्यांना घासणार नाहीत अशा बांधल्या. प्रत्येक उत्पादकाची आकृती वेगळी असते. काम त्या आकृतीप्रमाणेच झाले पाहिजे.

अशी उपकरणे पहिल्या काही सुरुवातींमध्ये त्या विशिष्ट कॉम्प्रेसरचा स्वभाव शिकून घेतात. म्हणून पहिल्या सुरुवाती घरच्या विजेवर, मध्ये पाच-पाच मिनिटांचा विसावा देऊन केल्या. त्यानंतर मीटरवर झटका ७७ ऐवजी २९ अँपिअर दिसला. जनरेटर लावला. तो किंचित हुंकारला आणि कॉम्प्रेसर चालू झाला. मुलाने समाधानाने यंत्राचे झाकण लावले आणि तंत्रज्ञाला निरोप दिला.

वडील मात्र खुर्ची घेऊन जनरेटरपासून दूर, खिडकीशी बसले. "एक तास चालू दे," ते म्हणाले. "ताळेबंद जुळला म्हणून पेटी लगेच मिटायची नसते."

त्या दिवशी बाहेर २ अंश तापमान आणि दमट हवा होती. सुमारे चाळीस मिनिटांनी बाहेरच्या यंत्रातून वाफ उठली आणि पुढच्याच क्षणी जनरेटर बंद पडला. घर पुन्हा शांत झाले.

दोष सॉफ्ट स्टार्टरचा नव्हता. शून्याजवळच्या दमट हवेत बाहेरच्या जाळीवर हिम धरते. ते वितळवण्यासाठी हीट पंप काही मिनिटे उलटा फिरतो, म्हणजे घरातील उष्णता बाहेर नेतो. तेवढ्या वेळात घरात गार हवा येऊ नये म्हणून तो आपोआप पूरक हीटर लावतो. हा पूरक हीटर म्हणजे साध्या शेगडीसारख्या तापणाऱ्या तारा. या घरात त्या १०,००० वॅटच्या होत्या. कॉम्प्रेसर आणि पंख्याचे ३,३०० धरून मागणी १३,३०० झाली, जनरेटर ७,५०० चा. तापणाऱ्या तारांना आरंभाचा झटका नसतो. त्यांचा भार पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सारखाच असतो. त्यावर कोणताही स्टार्टर उपाय करू शकत नाही. घर फार गार झाले असता थर्मोस्टॅटही हाच हीटर मागतो. याचा अर्थ स्पष्ट होता. ही चाचणी झाली नसती तर वादळाच्या रात्री, सर्वांत जास्त थंडीच्या तासाला, ऊब सुरू होऊन पुन्हा बंद पडली असती. आणि त्या वेळी कदाचित घरात आईवडील दोघेच असते.

पूरक हीटरचा ब्रेकर बंद ठेवावा, हा मुलाला सुचलेला पहिला उपाय. तंत्रज्ञाने पुन्हा येऊन दाखवले की घरातील पंखाही त्याच ब्रेकरवर आहे. तो बंद केल्यास ऊब खोल्यांत पोहोचणारच नाही. अखेर त्याने पूरक हीटरला आज्ञा देणाऱ्या २४ व्होल्टच्या बारीक तारेत एक साधा खटका बसवला. खटका बंद केला की थर्मोस्टॅटने किंवा हिम वितळवणाऱ्या यंत्रणेने कितीही मागणी केली, तरी तापतारा लागत नाहीत. हिम वितळेपर्यंत काही मिनिटे गार हवा येते, एवढीच तडजोड. खटक्याची किंमत काही डॉलर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी झाली; या वेळी तीन तास. हिम दोनदा वितळले आणि जनरेटर चालत राहिला.

त्या संध्याकाळी वडिलांनी एका जाड कागदावर सुवाच्य मराठीत क्रमवार सूचना लिहिल्या. आईंनी त्या मोठ्याने वाचून पाहिल्या आणि जेथे अडल्या तेथे शब्द बदलायला लावला. "'पूरक हीटर' म्हटलं तर मला कळणार नाही, 'लाल टिकलीचा खटका' लिहा," असे त्यांनी सांगितले आणि खटक्यावर आपल्या कपाळावरची एक टिकली लावून दिली. तो कागद वीजफलकाच्या दाराला आतून चिकटवला गेला. त्यातील मजकूर असा:

१. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, अंगणातच. गॅरेजमध्ये नाही, दार उघडे ठेवूनही नाही.

२. थर्मोस्टॅट बंद करा. लाल टिकलीचा खटका बंद करा.

३. आधी मुख्य ब्रेकर खाली, मगच आडपट्टी सरकवून जनरेटरचा ब्रेकर वर. दोन्ही एकदम वर जाऊ शकत नाहीत. जबरदस्ती करू नका.

४. जनरेटर सुरू करून पाच मिनिटे थांबा. मग थर्मोस्टॅट चालू करा.

५. वीज बरेच तास गेलेली असेल तर हीट पंप लगेच लावू नका. एका खोलीत १,५०० वॅटचा हीटर लावून तेथे बसा आणि मुलाला फोन करा.

६. धुराची आणि विषारी वायूची घंटा वाजली तर आधी बाहेर पडा, नंतर विचार करा.

तिसऱ्या सूचनेतील आडपट्टी महत्त्वाची आहे. ती नसेल तर जनरेटरची वीज उलट दिशेने रस्त्यावरच्या तारांत जाते आणि रोहित्रातून तिचा दाब वाढतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या, तार मृत आहे असे समजून तिला हात लावणाऱ्या कामगाराचा त्यात प्राण जाऊ शकतो. आपल्या घरात ऊब यावी म्हणून दुसऱ्याच्या घरातील माणूस जाणे कोणालाही परवडणारे नाही. पाचव्या सूचनेचे कारण असे की दीर्घकाळ वीज नसताना कॉम्प्रेसरच्या तळातील हीटरही बंद असतो आणि शीतद्रव्य थंड तेलात उतरून मिसळते. तशा अवस्थेत झटकन सुरुवात केल्यास कॉम्प्रेसर कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून तेल आधी काही तास उबदार व्हावे लागते.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी गोठणाऱ्या पावसाने झाडांच्या फांद्या तारांवर पडल्या आणि वीज गेली. मुलगा आणि सूनबाई कामावर होते. आईंनी चष्मा लावून कागद वाचायला सुरुवात केली, वडील एकेक कृती करत गेले. दुसऱ्या सूचनेपाशी वडील थेट जनरेटरकडे निघाले, तेव्हा आईंनी त्यांना परत बोलावले. "आधी टिकली," त्या म्हणाल्या. पंधरा मिनिटांत घरात ऊब आली. वीज चार तासांनी परतली. मुलाचा घाईचा फोन आला, तेव्हा आईंनी त्याला, येताना दूध घेऊन ये, एवढेच सांगितले.

महाराष्ट्रातील घरांत असा हीट पंप क्वचितच आढळतो. परंतु बंगल्यातील जुना, बिगर-इन्व्हर्टर एसी जनरेटरवर घेणाऱ्यांना आणि परदेशी मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. कोणतेही यंत्र पर्यायी विजेवर टाकण्यापूर्वी तीन आकडे पाहावेत: चालतानाचा प्रवाह, आरंभाचा झटका आणि आपोआप लागणारा जादा भार. उपकरण विकत घेण्यापूर्वी कपॅसिटर आणि जोडण्या तपासून घ्याव्यात. बसवल्यानंतर ऐन थंडीच्या किंवा ऐन उन्हाच्या दिवशी, हातात वेळ असताना, काही तास चाचणी घ्यावी. आणि सूचना अशा भाषेत लिहाव्यात की घरात जो सर्वांत वयस्कर माणूस एकटा असेल, त्याला त्या वाचता याव्यात.

वडिलांच्या वहीत त्या वर्षी या कामाचा खर्च क्रमाने नोंदलेला आहे: कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, सॉफ्ट स्टार्टर, तंत्रज्ञाच्या दोन फेऱ्या, खटका. शेवटच्या ओळीत 'टिकली १' असे लिहिले असून रकमेच्या रकान्यात शून्य आहे.